विश्लेषण : ग्राहक आयोगाचे दार बंद, दायित्व मात्र कायम, वकीलसंस्थांनी विमा कसा निवडावा?

नवी दिल्ली : वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल अशिलाला ग्राहक आयोगाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला, तेव्हा देशभरातील वकीलवर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणले होते. तो निर्णय न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांच्या खंडपीठाने रद्दबातल ठरवला. अशील आणि वकील यांच्यातील नाते 'वैयक्तिक सेवेच्या करारा'चे आहे आणि कायद्याने तसे करार ग्राहकसेवेच्या व्याख्येतून वगळले आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या निकालानंतर व्यावसायिक दायित्वाच्या विम्याची आता गरजच काय, असा प्रश्न अनेक वकीलसंस्थांत विचारला जाऊ लागला. तो प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. निकालाने एक मंच बंद झाला. दायित्व संपलेले नाही. निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्या अशिलाला दिवाणी न्यायालयाचा रस्ता पूर्वीइतकाच मोकळा आहे. 'विधी व्यवसायी (शुल्क) अधिनियम, १९२६' या जुन्या, फारशा चर्चेत नसलेल्या कायद्याचे कलम ५ स्पष्ट सांगते, की व्यावसायिक कर्तव्य बजावताना केलेल्या निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीबद्दलच्या दाव्यातून केवळ वकील असल्याच्या कारणाने कोणालाही सूट मिळणार नाही. शिवाय वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार शिस्तभंगाची कारवाई, प्रसंगी सनद निलंबित किंवा रद्द होण्याची टांगती तलवार आहेच.

मुदतीचा कडक काटा

विम्याची निवड करताना पहिला प्रश्न हप्त्याचा नव्हे, तर जोखमीचा असायला हवा. संस्थेच्या कामात नेमकी कोणती चूक अशिलाचे भरून न येणारे नुकसान करू शकते, हे आधी निश्चित करावे लागते.

न्यायालयीन काम करणाऱ्या संस्थांसाठी या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते : मुदत. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात घेतली होती आणि विलंब माफीच्या असंख्य अर्जांत तिचा आधार घेतला गेला. अलीकडे मात्र सूर बदलला आहे. सगळा दोष वकिलावर ढकलून पक्षकाराला हात झटकता येणार नाहीत, स्वतःच्या खटल्याबाबत त्यानेही जागरूक राहिले पाहिजे, असे नोव्हेंबर २०२४ मधील राजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात न्यायालयाने बजावले.

काही मुदती तर अशा आहेत, की त्या उलटल्यानंतर न्यायालयालाही विलंब माफ करता येत नाही. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्यासाठी तीन महिने आणि पुरेसे कारण असल्यास आणखी ३० दिवस मिळतात. त्यापलीकडे एकही दिवस नाही. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत लेखी कैफियत दाखल झाली नाही, तर प्रतिवादीचा तो हक्क संपतो. दिवाळखोरी संहितेखालील अपिलाला ३० अधिक १५ दिवसांची मर्यादा आहे. विलंब माफीचा मार्ग जितका अरुंद होतो, तितके नुकसान अशिलाच्या पदरात कायमचे पडते आणि त्याची भरपाई कोणाकडून मागायची, या प्रश्नाचे उत्तर साहजिकच त्याच्या वकिलाकडे बोट दाखवते.

न्यायालयाबाहेरच्या कामात मोठी जोखीम मालमत्तेच्या हक्काबाबत दिलेल्या अभिप्रायाची असते. नागपूर, इंदूर किंवा बेळगावमधील दोन-तीन वकिलांचे छोटे कार्यालयही बँकेच्या पॅनेलवर असते आणि गृहकर्जासाठी 'सर्च रिपोर्ट' देत असते. हक्क सदोष निघाला, की कर्ज बुडालेली बँक त्या अहवालाकडे वळते. सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या २०१२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पॅनेलवरील वकिलाला फौजदारी खटल्यातून मुक्त केले. कटात सक्रिय सहभाग असल्याशिवाय केवळ चुकीच्या अभिप्रायासाठी फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. परंतु घोर निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्यास वकील अन्य कारवाईस पात्र राहतो, हेही त्याच निकालाने सांगितले. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १८ नुसार सदोष हक्कापोटी खरेदीदाराने विकासकाकडे मागितलेल्या भरपाईला कोणतीही कालमर्यादा नाही. अशी भरपाई मोजावी लागलेला विकासक, ज्या अभिप्रायावर विसंबून प्रकल्प उभा केला त्या अभिप्रायाच्या कर्त्याकडे वळणार, हे उघड आहे.

पॉलिसीतील तारखा

या सर्व जोखमींवर उत्तर म्हणून 'प्रोफेशनल इन्डेम्निटी' म्हणजेच व्यावसायिक दायित्वाचा विमा घेतला जातो. आग किंवा वाहन विम्याहून तो एका मूलभूत बाबतीत वेगळा असतो. तिथे अपघात ज्या दिवशी घडला, त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे पाहिले जाते. इथे बहुधा दावा ज्या दिवशी आला, तो दिवस निर्णायक ठरतो. त्याच्या जोडीला पॉलिसीत एक 'पूर्वलक्षी तारीख' नमूद असते. त्या तारखेपूर्वी झालेल्या चुकीपोटीचा दावा पॉलिसी चालू असताना आला, तरी तो ग्राह्य धरला जात नाही.

समजा, एका संस्थेकडून मार्च २०२३ मध्ये लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याची मुदत हुकली. त्या वेळी संस्थेकडे विमा होता. एप्रिल २०२५ मध्ये तिने स्वस्त हप्त्याच्या मोहाने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली आणि नव्या पॉलिसीत पूर्वलक्षी तारीख एप्रिल २०२५ हीच पडली. अशिलाची नोटीस २०२६ मध्ये आली. जुनी कंपनी म्हणेल, दावा आमच्या मुदतीनंतर आला. नवी म्हणेल, चूक आमच्या तारखेपूर्वीची आहे. दोन्ही वर्षांचे हप्ते वेळेवर भरूनही संस्थेच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणूनच कंपनी बदलताना पूर्वीची पूर्वलक्षी तारीख नव्या पॉलिसीत कायम ठेवून घेणे, हे हप्त्यातील सवलतीपेक्षा कितीतरी मोलाचे असते. नूतनीकरणातील खंडही असाच महागात पडतो. हप्ता हाती पडल्याखेरीज विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये, असे विमा अधिनियमाचे कलम ६४ व्हीबी सांगते. धनादेश उशिरा गेला आणि खंड पडला, तर मागील अनेक वर्षांचे संरक्षण त्या खंडात वाहून जाऊ शकते.

भागीदार निवृत्त झाला, संस्था विसर्जित झाली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, तरी जुन्या कामाचे दावे थांबत नाहीत. मुदत संपल्यानंतर आलेल्या दाव्यांसाठी 'वाढीव कळवणी कालावधी' मिळतो का आणि तो किती वर्षांचा, हे आधीच ठरवून घ्यावे लागते. संस्था सोडून जाणाऱ्या भागीदारासाठी तर हा प्रश्न वैयक्तिक मालमत्तेशी निगडित असतो.

मर्यादा किती असावी?

विमा रकमेचा आकडा दिसतो तितका सरळ नसतो. भारतीय पॉलिसींमध्ये एका घटनेसाठीची मर्यादा आणि वर्षभरातील सर्व घटनांसाठीची एकत्रित मर्यादा अशा दोन मर्यादा स्वतंत्रपणे लिहिलेल्या असतात. दोन्ही आकडे एकच असतील, तर वर्षारंभी आलेला एक मोठा दावा उरलेल्या वर्षाचे छत्र उडवून नेतो.

दुसरा मुद्दा बचावाच्या खर्चाचा. तो बहुधा विमा रकमेतूनच वळता होतो. मर्यादा १ कोटी रुपयांची असेल आणि खटला लढण्यावर ३० लाख खर्च झाले, तर भरपाईसाठी ७० लाखच उरतात. भारतीय दिवाणी न्यायालयांतील खटल्यांचे आयुष्य पाहता ही तरतूद गौण मानता येणार नाही. त्याखेरीज प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम संस्थेने स्वतः सोसायची असते. ही स्वसहभागाची रक्कम वाढवली, की हप्ता कमी होतो. मात्र लहान कार्यालयाला ती रक्कम एकाच वर्षात दोनदा भरता येईल का, हे तपासूनच सौदा करावा लागतो.

मर्यादा ठरवण्याचा व्यवहार्य निकष संस्थेची उलाढाल हा नव्हे. हातातील सर्वांत मोठ्या प्रकरणात चूक झाल्यास अशिलाचे किती नुकसान होईल, हा खरा निकष आहे. ५० हजार रुपये शुल्क घेऊन १० कोटींच्या भूखंडाचा अभिप्राय देणाऱ्या वकिलाची जोखीम ५० हजारांची नसून १० कोटींची असते. परदेशी अशिलांचे काम करणाऱ्या संस्थांनी प्रादेशिक कक्षाही पाहायला हवी. अनेक पॉलिसी केवळ भारतातील न्यायालयांतील दाव्यांपुरत्या मर्यादित असतात, तर जगभर लागू असलेल्या पॉलिसींतूनही अमेरिका व कॅनडा वगळलेले आढळतात.

अपवादांचे कलम

पॉलिसीचे खरे स्वरूप तिच्या अपवादांत दडलेले असते. फसवणूक आणि अप्रामाणिक कृत्य वगळलेले असणे स्वाभाविक आहे. परंतु एका भागीदाराने अशिलाच्या पैशांचा अपहार केला, तर त्याची कल्पनाही नसलेल्या इतर भागीदारांचे काय? भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ नुसार संस्थेच्या कृत्यांसाठी सर्व भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. म्हणून निर्दोष भागीदारांचे संरक्षण अबाधित ठेवणारे कलम पारंपरिक भागीदारी संस्थेसाठी अनिवार्यच मानले पाहिजे. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, असल्यास सहकाऱ्याच्या चुकीसाठी भागीदाराला वैयक्तिक झळ बसत नाही. स्वतःच्या चुकीपासून मात्र एलएलपीही त्याला वाचवत नाही. एलएलपी झाली म्हणून विम्याची गरज सरली, हा समज त्यामुळे टिकत नाही.

विमा करार परमविश्वासाचा असतो. चूक लक्षात आली आहे, अशिलाने नाराजीचे पत्र लिहिले आहे, पण दावा अद्याप दाखल नाही, अशी परिस्थिती प्रस्तावात न कळवल्यास पुढे दावा फेटाळला जाण्याची दाट शक्यता असते. चालू पॉलिसीत अशी परिस्थिती वेळीच कळवली, तर पुढे येणारा दावा त्याच वर्षाच्या खात्यात धरण्याची सोय अनेक पॉलिसींत असते. वकील मंडळी हे पत्र लिहिण्यास कचरतात आणि नेमके तिथेच नुकसान होते.

इथे एक नाजूक पेचही आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. दुसरीकडे मुदत हुकली असल्यास अशिलाला ती वस्तुस्थिती तातडीने सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, कारण उरलेला एखादा उपाय त्यामुळेच वाचू शकतो. घडलेली वस्तुस्थिती सांगणे आणि कायदेशीर दायित्व मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद पॉलिसीच्या शब्दांत स्पष्ट करून घेणे दोन्ही बाजूंच्या हिताचे ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने अलीकडे नवी भर घातली आहे. अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले देशातील न्यायालये आणि न्यायाधिकरणांसमोरील प्रकरणांत आढळले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी या साधनांच्या वापराचे धोरणच जाहीर केले. अशा साधनाच्या आधारे केलेल्या मसुद्यातील चूक पॉलिसी व्यावसायिक निष्काळजीपणा मानते, की अपवादात ढकलते, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे लागेल. शिस्तभंगाच्या चौकशीतील आणि तपास यंत्रणांच्या समन्सला उत्तर देण्यातील खर्चाचेही तसेच. अशिलाला दिलेल्या सल्ल्यावरून वकिलांना समन्स बजावण्याचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला होता. त्यामुळे ही शक्यता आता केवळ पुस्तकी राहिलेली नाही.

संगणक, कागद आणि माणसे

व्यावसायिक दायित्वानंतर दुसरा क्रम सायबर विम्याचा लागतो. वकिलाच्या संगणकात अशिलांची गुपिते असतात, तडजोडीच्या वाटाघाटी असतात आणि पैशांच्या हस्तांतराच्या सूचनाही असतात. सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवण्याचे बंधन सीईआरटी-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनी घातले आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. कायदेशीर हक्काच्या अंमलबजावणीसाठी लागणाऱ्या माहितीला या कायद्याने बरीच सूट दिली आहे. माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र त्या सुटीतून वगळली आहे. ती पाळण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. असा दंड विम्यातून भरून मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये. सायबर विम्याचा खरा उपयोग तांत्रिक तपास, माहितीची पुनर्प्राप्ती, बाधितांना कळवणे आणि कामकाज ठप्प झाल्याचे नुकसान यांसाठी असतो. अशिलाच्या नावे आलेल्या बनावट ईमेलवर विसंबून पैसे भलत्याच खात्यात पाठवले गेले, तर ते सायबर पॉलिसीत बसते की कर्मचाऱ्यांच्या अप्रामाणिकपणाविरुद्धच्या पॉलिसीत, की दोन्हींच्या मधल्या फटीत पडते, हे वेगळे तपासावे लागते.

कार्यालयाची इमारत, फर्निचर व उपकरणे यांसाठी तुलनेने सोपी व्यवस्था आहे. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटींपर्यंत असल्यास 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि ५ ते ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित विमा उत्पादने १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहेत. मात्र कागदपत्रांचे मूल्य रद्दीच्या भावाने ठरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा प्रलयात तळमजल्यावरील कपाटे पाण्याखाली जातात, तेव्हा कपाटाची किंमत मिळते. आतील मूळ खरेदीखत, मृत्युपत्र किंवा साक्षीपुराव्यांच्या प्रती पुन्हा मिळवण्याचा खर्च स्वतंत्रपणे समाविष्ट केला असेल तरच मिळतो. कार्यालयात येणाऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास सार्वजनिक दायित्वाचा आणि लिपिक, शिपाई, वाहनचालक यांच्यासाठी कर्मचारी भरपाई व गट आरोग्य विम्याचा विचारही त्याच बैठकीत व्हावा.

खर्च आणि दाद

खर्चाचा हिशेब करताना कराचा मुद्दा सुटून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरील जीएसटी रद्द झाला. संस्थेच्या दायित्व, सायबर किंवा गट आरोग्य पॉलिसीला ती सवलत लागू नाही. तिथे १८ टक्के कर कायम आहे. वकिलांच्या सेवेवरील जीएसटी सामान्यतः व्यावसायिक अशिलाने 'रिव्हर्स चार्ज' पद्धतीने भरायचा असल्याने, देशांतर्गत काम करणाऱ्या बहुतेक संस्थांना हप्त्यावरील कराचे क्रेडिटही घेता येत नाही. इतर व्यवसायांसाठी वळती होणारी ही रक्कम वकीलसंस्थेसाठी निव्वळ खर्च ठरते.

कंपनीने दावा नाकारल्यास काय, या प्रश्नाच्या उत्तरात एक विरोधाभास दडलेला आहे. विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी नेता येतात. मात्र संस्थांच्या बाबतीत ते दार एकल मालकीच्या व्यवसायांपुरते आणि सूक्ष्म उद्योगांपुरतेच खुले आहे. ग्राहक आयोग मात्र मोकळा आहे. विमा हा नुकसानीच्या भरपाईचा करार आहे आणि नफा कमावण्याशी त्याचा सामान्यतः थेट संबंध नसतो, म्हणून व्यापारी संस्थाही विमा कंपनीविरुद्ध 'ग्राहक' ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्स प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे विमा दावा नाकारला गेलेल्या वकीलसंस्थेला ज्या आयोगाचे दार ठोठावता येते, तेच दार तिच्या चुकीने नुकसान झालेल्या अशिलासाठी बंद आहे.

या विरोधाभासातच संपूर्ण विषयाचे सार्वजनिक महत्त्व आहे. डॉक्टर १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून ग्राहक कायद्याखाली आहेत आणि त्यांच्यात दायित्व विम्याची सवय रुजली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये सॉलिसिटर संस्थांना किमान २० लाख पौंडांचा, तर मर्यादित दायित्वाच्या संस्थांना ३० लाख पौंडांचा विमा घेतल्याशिवाय व्यवसायच करता येत नाही. भारतात वकिलांसाठी असे सरसकट बंधन नाही. त्यामुळे अनेक वर्षे दिवाणी दावा लढून निष्काळजीपणा सिद्ध करणाऱ्या अशिलाच्या हाती येणारा हुकूमनामा पैशात उतरेल की कागदावरच राहील, हे वकिलाने स्वेच्छेने विमा घेतला होता की नाही, यावर ठरते.

नियमातील बदलाची वाट पाहण्याची मात्र कोणालाच गरज नाही. बँका आणि मोठ्या कंपन्या पॅनेलवर वकील नेमतानाच विम्याची प्रत मागू शकतात. वकीलपत्रावर सही करणाऱ्या सामान्य अशिलालाही तोच प्रश्न विचारता येतो : चूक झाली, तर भरपाईची तजवीज काय? तो प्रश्न विचारला जाण्यापूर्वी संस्थेने आपल्या पॉलिसीवरील पूर्वलक्षी तारीख एकदा वाचून घेतलेली बरी.